मदत हवी आहे: आईच्या तोंडातली पांढरी जाळी आणि हिपॅटायटिस सी

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरजवळचे. आई 61 वर्षांची. गेली चार वर्षं तिचं तोंड येतंय, म्हणजे येतं आणि जातच नाही. जाईचा पाला चघळून झाला, सब्जा झाला, दुर्वांचा रस झाला, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या तर किती झाल्या त्याला हिशोब नाही. सगळ्यांचं एकच, उष्णता आहे. एका डॉक्टरांनी "मिश्री लावता का?" एवढं विचारून विषय संपवला. आईने जन्मात मिश्रीला हात लावलेला नाही, सुपारीही खात नाही. आता सोलकढीचा घोटही तिला झोंबतो. गणपतीत सगळ्यांना वाढून स्वतः पेज घेऊन बसली, ते बघवलं नाही.

शेवटी चिपळूणला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या रेघांची जाळी, मधेमधे लाल, सोलवटलेलं. तुकडा तपासायला पाठवला, तर ओरल लायकेन प्लॅनस निघालं. लावायला स्टेरॉइडचं मलम दिलं आणि वर रक्त तपासायला सांगितलं. त्यात अँटी-एचसीव्ही, म्हणजे लिव्हरला धरणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूची चाचणी, पॉझिटिव्ह! आम्ही थक्क. तिला कधी कावीळ झालेली नाही. 1996 ला पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, तेवढंच आठवतं.

प्रश्न असे. तोंडाचं दुखणं लिव्हरमुळेच आहे का? लिव्हरचे उपचार केले की तोंड बरं होईल? आणि तिसरा, लिहायला लाज वाटते, पण आत्याने आईचं ताट-वाटी वेगळी काढली आहे. आई काही बोलत नाही, स्वतःच घासून कोपऱ्यात पालथी घालते. हे खरंच करायला हवं का?

खाडीकाठ: तिसऱ्याचं आधी. नको. ताट, पेला, एकत्र जेवण, जवळ घेणं, यातून हिपॅटायटिस सी पसरत नाही. तो रक्तातून जातो. ब्रश, नेलकटर, ब्लेड वेगळं ठेवा, त्यातून तिच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रशचं नक्कीच. आत्यांना हे तुम्ही नाही, डॉक्टरांनी सांगू दे. आपलं कोण ऐकतो!

रक्ताबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर असू शकतो. हा विषाणू सापडलाच 1989 ला, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली 2001 मध्ये. 1996 ची बाटली त्याआधीची. कावीळ झाली नाही यावर जाऊ नका, हा आजार वर्षानुवर्षं गपचूप राहतो.

सुरंगी: मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. ताई, अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरला होता एवढंच. काहींच्या अंगातून तो आपोआप जातो, अँटिबॉडी मात्र राहते. आज आहे की नाही ते एचसीव्ही आरएनए चाचणी सांगेल. ती आधी करा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा. सोबत हिपॅटायटिस बी चीही करा. सी च्या गोळ्या चालू असताना लपलेला बी उसळू शकतो.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गोळ्या बहुतेकांना 12 आठवडे, लिव्हर फार बिघडलं असेल तर काहींना जास्त. पूर्वीसारखी इंजेक्शनं नाहीत. त्या इंटरफेरॉनने काहींचं लायकेन उलट भडकायचं.

माडाचीवाडी: माझ्या बायकोला लायकेन आहे, हिपॅटायटिस नाही. म्हणजे दोन्ही बरोबर असतंच असं नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: इटली, जपानकडे हा संबंध ठळक दिसला, ब्रिटनमध्ये जवळजवळ नाहीच. लायकेनमध्ये आपल्याच पांढऱ्या पेशी तोंडाच्या त्वचेवर उलटतात. हा विषाणू त्यांना चिथावतो असं मानतात, पण चिथावणारा तो एकटाच नाही. बीपीच्या काही गोळ्या, दातातली चांदी यांनीही असेच चट्टे येतात. तुमच्या आई बीपीची गोळी घेतात का? घेत असतील तर दाखवा, मनाने बंद करू नका.

विषाणू गेला तरी तोंड बरं होईलच असं धरून चालू नका. काहींचं निवळतं, काहींचं तसंच राहतं. मलम लावून अर्धा तास पाणीसुद्धा नको. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहा, कारण शंभरात एखाद्याचं वर्षांनंतर कॅन्सरकडे वळतं. चट्टा जाड झाला, जखम तीन आठवडे भरली नाही, तर थांबायचं नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बीपीची गोळी आहे, दोन वर्षांपासून. पण तोंड त्याआधीपासून येतंय, तरी दाखवते. आरएनएसाठी सोमवारी रत्नागिरीला जातोय. आत्यालाही सोबत घेतलंय, तिला नको होतं तरी. आईचं ताट आज मीच कोपऱ्यातून उचलून मांडणीत ठेवलं. आईने बघितलं, आणि विचारलं काय तर, बांगडा आणलास का?

सुरंगी, आरएनएच्या रक्ताला उपाशी जावं लागतं का?

सुरंगी: नाही. पेज घेऊन जाऊ दे.