सायकलिंगमधील प्रगती सॉफ्टवेअरवर कशी पाहावी?

प्रश्न (इंदूर): सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर पहाटे हौसेने सायकल चालवतो. पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारे यंत्र) नाही, छातीला बांधायचा हार्टरेट पट्टा आहे. गोल्डन चीता या मोफत सॉफ्टवेअरमधील फिटनेसची रेषा आठवडाभर खंड पडताच घसरते. ती कितपत मनावर घ्यावी?

उत्तर १: ती रेषा म्हणजे साधारण ४२ दिवसांच्या श्रमांची, अलीकडच्या दिवसांना झुकते माप देणारी सरासरी असते, तर थकव्याची रेषा ७ दिवसांची, त्यामुळे आपण किती राबलात एवढेच ती सांगते, पाय किती तयार झाले ते नव्हे. त्यापेक्षा इंदूरजवळच्या सिमरोलकडचा एकच चढ तेवढ्याच हृदयगतीत किती वेळात होतो, ते दरमहा नोंदवावे.

उत्तर २: सहमत. मात्र मे महिन्याच्या उकाड्यात त्याच वेगाला ठोके वाढतात, म्हणून तुलना मागच्या मेशी करावी, जानेवारीशी नव्हे.