पोराच्या दहा बोटांचे ठसे घेतले आणि म्हणतात गणित सोडा. काय करावं?

काटेवाला

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातला. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करतात तिथे, काट्यावर असतो. कापसाची गाडी भरून आली की वजन, रिकामी झाली की पुन्हा वजन, मधला फरक पावतीवर. घरी चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. पोरगा सहावीत, एका इंग्रजी शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, दुसरा हप्ता भरायचा राहिला आहे.

मागच्या महिन्यात शाळेत शिबिर झालं. मशीनवर दहाही बोटांचे ठसे घेतले. २,८०० रुपये. आठ दिवसांनी ४२ पानांचा रंगीत अहवाल आला, पहिल्याच पानावर मेंदूचं चित्र. आत लिहून आहे की पोरात आठ प्रकारच्या बुद्ध्या आहेत. शरीराची १७.२ टक्के, संगीताची १५.८, असं करत करत गणित-तर्काची ८.१. शेवटी शिफारस, गणिताशी संबंधित क्षेत्र टाळावे, खेळ-नृत्य-अभिनयाकडे वळवावे. शिबिरवाले सर म्हणाले हे जन्मजात असते, बदलत नाही, हार्वर्डच्या शास्त्रज्ञाचा सिद्धांत आहे.

सहामाहीत पोराला गणितात ८० पैकी २६. म्हणजे अहवाल खरा वाटतो. पण दिवाळीच्या सुट्टीत हाच पोरगा माझ्यासोबत काट्यावर येऊन बसतो. २५ क्विंटलची ट्रॉली लागली की मी पावती फाडायच्या आधीच हा म्हणते, "बाबा, पाच गाठी." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे क्विंटलमागे ३४ किलो रुई धरतात, बाकी सरकी आणि थोडी घट. गाठ असते १७० किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापसाला एक गाठ. ५० क्विंटलचा ट्रक आला तर हा दहा म्हणून मोकळा. मग ८.१ टक्के कसे?

गणिताची ट्यूशन महिन्याला ६०० रुपये आहे. बंद करू की चालू ठेवू? आमची घरची म्हणते, पोपटवाल्यानं दहा रुपयात सांगितलं असतं.

पऱ्हाटी_बोंडं

दहाही बोटं देल्ली म्हणता भाऊ? आमच्या आजानं येकच अंगठा देल्ला व्हता सावकाराच्या कागदावर, त वावर गेलं. तुमचे २,८०० च गेले, सस्त्यात सुटले.

आर्वीकर

थट्टा सोपी आहे. आमच्या मुलीचा अहवाल आम्ही दोन वर्षांपूर्वी काढला. "संवेदनशील आहे, कधी कधी आत्मविश्वास कमी पडतो, योग्य वातावरण मिळाल्यास चमकेल." तंतोतंत जुळलं. आणि तो हार्वर्डवाला आठ बुद्ध्यांचा, म्हणजे बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत खोटा नाही, बी.एड.ला शिकवतात.

झेडपीचा_मास्तर

आर्वीकर ताई किंवा दादा, जे असाल ते. ती तीन वाक्यं माझ्या वर्गातल्या एकतीसही पोरांना जुळतात. मलाही जुळतात, माझं वय ४७ आहे.

काटेवाले भाऊ, मी समुद्रपूर भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहो, २१ वर्षं झाली. हा विषय डी.एड.ला घोकला, टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) बालमानसशास्त्राच्या पेपरात पुन्हा घोकला. तिथे हा एका गुणाचा प्रश्न असतो, नाव आणि आकडा पाठ असला की झालं. आत काय आहे ते मी फार उशिरा वाचलं.

हॉवर्ड गार्डनर हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ, एवढं शिबिरवाल्यांचं खरं आहे. १९८३ मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला. त्याआधी बोस्टनच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात ते मेंदूला इजा झालेल्या लोकांसोबत काम करायचे. तिथे असे रुग्ण होते ज्यांची बोली गेली, पण सूर राहिला. त्यावरून त्यांचं म्हणणं बनलं की बुद्धी हा एकच गठ्ठा नसावा. आधी सात प्रकार सांगितले, भाषा, तर्क-गणित, संगीत, शरीर, जागेचा-आकाराचा अंदाज, दुसऱ्याला ओळखणं, स्वतःला ओळखणं. निसर्ग ओळखण्याची आठवी नव्वदच्या दशकात जोडली. प्रत्येकात आठही असतात, प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, अगदी जुळ्या भावांचंही सारखं नाही, कारण अनुभव वेगळे. हे त्यांचंच म्हणणं. बदलत नाही असं ते म्हणत नाहीत. आणि बोटांचा तर त्यात कुठेच संबंध नाही.

बोटांचं शास्त्र वेगळंच आहे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तयार होतात. त्या अभ्यासाला हॅरॉल्ड कमिन्स या संशोधकांनी १९२६ मध्ये नाव दिलं. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये हातावरची ठेवण वेगळी दिसते हे त्यांनी दाखवलं, ते खरंच आहे. पण तिथून उडी मारून "या बोटात चक्र, म्हणून पोराचं गणित कच्चं" हे कोणीही सिद्ध केलेलं नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही या बोटांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलं आहे.

तुम्ही काट्यावरचे माणूस, तुम्हाला एक सांगतो. त्या आठही टक्क्यांची बेरीज करा. बरोबर १०० येईल. म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी व्हायलाच पाहिजे, जसा डोक्यात एक क्विंटल माल भरून आहे आणि तो आठ पोत्यांत वाटून टाकला. माणसाची बुद्धी अशी वाटून मिळत नसते. पेटी वाजवायला शिकल्यानं कोणाचे पाढे कमी होत नाहीत.

उलट, खरंच मोजून पाहिलं तर वेगळंच दिसते. १९०४ मध्ये स्पिअरमन नावाच्या इंग्रज माणसानं दाखवलं होतं की एका विषयात पुढे असणारी पोरं बहुधा दुसऱ्यातही पुढे असतात. गार्डनरचं भांडण याच विचाराशी. पण २००६ मध्ये कॅनडातल्या व्हिसर आणि सहकाऱ्यांनी २०० लोकांना आठही प्रकारांच्या दोन-दोन चाचण्या दिल्या, तर भाषा, गणित, आकार, निसर्ग हे सगळे एकमेकांच्या हातात हात घालून निघाले. सुटे राहिले ते मुख्यतः शरीर आणि संगीत. त्यामुळे "एकात कमी तर दुसऱ्यात देवानं भरपाई केली" हे ऐकायला गोड आहे, पण मोजमापात ते दिसत नाही.

आता माझी चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणावरून आलो आणि हुरूप आला. वर्गात मोठा तक्ता लावला, आठ कप्पे, कप्प्यांत पोरांची नावं. एक पोरगी होती, बापासोबत जंगलात जायची, पानावरून झाड सांगायची. तिला "निसर्ग"मध्ये टाकलं. दोन महिन्यांनी फळ्यावर अपूर्णांक सोडवायला बोलावलं तर जागेवरून उठेना. म्हणाली, "सर, मी निसर्गात आहे." तक्ता त्याच दिवशी काढला. पण तिनं गणितात हात वर करणं बंद केलं ते केलंच.

गार्डनरनंच २०१३ मध्ये लिहिलं की माझा सिद्धांत म्हणजे पोरांच्या शिकण्याच्या शैली नव्हेत, लोक दोन्हीची भेसळ करतात. मी ते आधी वाचलं असतं तर.

वडस्याची

मास्तर, तुमचं बाकी पटलं. पण आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर नाटक चालते, दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळं गाव. आमच्या कंपनीत एक ऑर्गनवाले काका आहेत, चौथी नापास. नटीनं पट्टी सोडली तर त्याच क्षणी तिच्या मागे जातात, प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. हिशेबात मात्र मॅनेजर त्यांना दर नाइटला फसवते. हे काय मग?

झेडपीचा_मास्तर

ताई, म्हणूनच संगीत सुटं निघालं म्हटलं. तिथे गार्डनरचं म्हणणं बऱ्यापैकी टिकते. त्यांचे टीकाकार म्हणतात याला बुद्धी कशाला म्हणता, कला म्हणा, देणगी म्हणा. शब्दाचा वाद आहे. मला विचाराल तर काकांचं तीस वर्षांचं जागरणही त्यात धरा. आणि मॅनेजर फसवते तो काकांच्या बुद्धीचा पुरावा नाही, मॅनेजरच्या स्वभावाचा आहे.

काटेवाले भाऊ, एक राहिलं. पोरगा पाच गाठी म्हणते म्हणून तो गणितात हुशार आहे असंही लगेच धरू नका, तेही अहवालासारखंच होईल. तो ३४ टक्क्यांचा हिशेब करते की "पाचाला एक" एवढंच पाठ आहे? आकडा बदलून पाहा.

पऱ्हाटी_बोंडं

मास्तर, तुमी पोट्ट्यालेबी सोडत नाई आन् बापालेबी नाई 😄

काटेवाला

चार दिवसांनी लिहून राहिलो, कापसाची आवक वाढली होती.

बेरीज केली. बरोबर १००. घरची हसली.

काल रात्री पोराला विचारलं, यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला, कापूस ओला, उतारा (क्विंटलमागे निघणारी रुई) ३३ धर. २५ क्विंटलच्या किती गाठी? म्हणे पाच. मी म्हटलं परत कर. परत पाच. कागद दिला तर ३३ टक्के मांडताच येईना. २५ ला ३३ नं भागलं, मग ३३ मधून २५ वजा केले, मग रडायला आला. मास्तर, तुमचं बरोबर निघालं, त्याला टक्के येतच नाहीत. "पाचाला एक" हे तो तीन दिवाळ्यांपासून ऐकून आहे. ट्यूशनच्या वहीत पाहिलं तर टक्केवारीचं प्रकरण लिहून आहे, सगळं सरांनीच लाल शाईत सोडवलेलं, पोराच्या अक्षरात एक ओळ नाही.

मला राग आला, खरं सांगतो. थोडा पोरावर, थोडा ट्यूशनवर, मग माझ्यावर.

मग जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला, मागची बाजू कोरी असते. क्विंटल म्हणजे शंभर किलो, शंभरातले ३३ रुई, एवढंच धरून बसलो. एका क्विंटलचे ३३, दोनचे ६६, दहाचे ३३०. २५ वर पोहोचायला अर्धा तास लागला. ८२५ किलो. गाठी चार, १४५ किलो उरले. त्यानं तीनदा तपासलं, कारण त्याला पाच पाहिजे होते.

ट्यूशन बंद केली. ६०० वाचले म्हणून नाही, रात्री मीच बसतो. शाळेत २,८०० परत मागायला गेलो, तर पैसे शिबिरवाल्यांनी नेले म्हणे आणि त्यांचा नंबर लागत नाही.

आज पोरानं स्वतःहून पावती घेतली, ३४ रुई आणि ६३ सरकी लिहिली, बेरीज ९७. म्हणते, "बाबा, राहिलेले तीन किलो कोणाकडे जाते?" घट म्हणून सांगितलं. कचरा, ओल. त्याला पटलं नाही. उद्या काट्यावर येतो म्हणते, मालकाला विचारायला. मी नको म्हटलं आहे.