विडी वळणाऱ्या आईचं बाळ: घरीच बरं की पाळणाघरात?

अशोक चौक
गेल्या आठवड्यात सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, ओळखीच्या एका घरी गेले होते. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं भराभरा चाललेली. संध्याकाळच्या आत हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या. शेजारी सतरंजीवर आठ महिन्यांची लेक. तिनं सुपाच्या काठावर हात आपटला, ‘आ’ केलं. आईची मान वर झाली नाही. पुन्हा आपटला. मग ती गप झाली आणि भिंतीकडे बघत बसली. आजी कौतुकानं म्हणाल्या, “लई गुणाची हाय, रडतच नाही.”

मी चौदा वर्षं बालवाडी घेते. मला त्या गप्पपणाचीच काळजी वाटली.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी खेळते आणि मग दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं. शेवटी तोंड फिरवतं किंवा रडतं. आई खोलीतच असते, तरी बाळाला ती हरवल्यासारखी वाटते.

माझं म्हणणं: वस्तीतल्या अंगणवाडीला जोडून दिवसभराचं पाळणाघर हवं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तशी सोय आहे. महापालिकेला आणि महिला व बालविकास खात्याला निवेदन द्यायचं आहे. मतं सांगा.

शेंगाचटणी
माझा स्पष्ट विरोध. तीन वर्षांच्या आतलं लेकरू परक्याकडे ठेवूच नये. आजी आहे ना घरात?

अनुभवावरून बोलतोय. मुलगी दीड वर्षाची असताना एका खाजगी पाळणाघरात ठेवली होती. एकदा तासभर लवकर आणायला गेलो, तर टीव्ही लावलेला आणि अकरा पोरं समोर ओळीनं बसवलेली. हिचं लंगोट सकाळचंच. त्यानंतर कित्येक दिवस मी चप्पल घालताना दिसलो की ती रडायची. सरकारी पाळणाघरात तर २५ मुलांमागे एक सेविका, एक मदतनीस. दोन बायका २५ जणांचं काय बघणार?

अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. जास्त तास पाळणाघरात राहिलेल्या मुलांत हट्टीपणा, भांडकुदळपणा थोडा जास्त दिसला. हेही निवेदनात घाला.

अशोक चौक
घालते. पण त्याच अभ्यासात असंही निघालं, की नुसतं पाळणाघरात ठेवल्यानं बाळाचं आईशी नातं बिघडत नाही. आई बाळाच्या खुणा कितपत ओळखते, यानं जास्त फरक पडतो. पाळणाघर वाईट आणि घरीही आईला सवड नाही, असं दोन्ही जुळून आलं तर धोका वाढतो. तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. तसलं पाळणाघर मलाही नकोच आहे.

पूर्व भागातली
ताई, माझी आई तीस वर्षं विड्या वळली. त्या पैशावर मी आणि भाऊ शिकलो. पहिला परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. तुम्ही पाहुण्या म्हणून दहा मिनिटं बसलात आणि ठरवलंत की आई लेकराकडे बघत नाही? संध्याकाळी छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढ्या विड्यांचा मोबदला जातो, म्हणून मान वर होत नाही. माझी आई विड्या वळता वळता तेलुगूत गाणं म्हणायची, पायानं झोळी हलवायची. आम्ही काही बिघडलो नाही.

आणि तुमच्या पाळणाघरात बाईला तेलुगू येईल का? घरी ‘एडवकु, एडवकु’ ऐकणाऱ्या बाळाला दिवसभर ‘रडू नको’ कोण म्हणतंय ते कळणार तरी कसं?

अशोक चौक
चुकलं माझं. आईला दोष द्यायचा नव्हता, पण लिहिताना तसंच झालं. तुमच्या आईचं गाणं आणि झोळीवरचा पाय, बाळाला हवं असतं ते हेच. ट्रॉनिकही म्हणत नाही की आईनं क्षणभर नजर हलवू नये. सूर तुटतात, पुन्हा जुळतात, आणि त्या जुळण्यातूनच बाळ शिकतं. माझा प्रश्न त्या हजार विड्यांबद्दल आहे. त्या संपेपर्यंत जुळवून घ्यायला कुणाचे हात मोकळे आहेत? त्या घरात आजीही पानंच कापत होती.

तेलुगूचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. सेविका वस्तीतलीच हवी, ही पहिली अट घालते.

बाळीवेस
कायद्याचं थोडं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायची तरतूद आली, पण ती कारखान्याच्या आवारापुरती. काम घराघरांत गेलं आणि ती खोली मागे राहिली. पुढे प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी प्रसूती रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही मिळाली. घरी बसून वळणारीला यातलं पाळणाघर मिळणार कुठून? म्हणून वस्तीतच पाळणाघर, याला माझा पाठिंबा.

खाऊवाटप
मी अंगणवाडी मदतनीस आहे. सगळे आमच्या नावानं योजना मांडायलेत, आम्हाला कोण विचारतंय? पोषण आहार, वजन-उंची, ॲपमधल्या नोंदी, गृहभेटी, त्यात निवडणूक आली की वेगळीच कामं. बारक्या लेकरांचं आत्ता आमच्याकडे मुख्यत्वे घरी न्यायचा आहार आणि वजन एवढंच होतं. आहे त्याच बाईच्या गळ्यात तान्ही लेकरं घालू नका. नवीन बाई नेमा आणि तिला नीट पगार द्या. दर चार महिन्यांनी बाई बदलली तर लेकरू कुणाला बिलगणार?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं होतं. पाळणाघर करायचं तर तसंच, घरकुलाच्या आत करा. आईला दुपारी पाजायला येता यावं, इतकं जवळ.

शेंगाचटणी
मदतनीस ताईंचं पटलं. आजीही पानं कापत असेल, हे मी धरलंच नव्हतं. तंबाखूचा खकाणाही आहेच. रांगतं लेकरू जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. तरी २५ ला दोन बायका मान्य नाही. तान्ह्या सहा लेकरांमागे एक बाई, दार दिवसभर उघडं, आई-आजी कधीही आत येऊन बसेल आणि टीव्ही नाही. हे लेखी असेल तर माझी सही घ्या. दोन वर्षांखालच्यांना मात्र अर्धाच दिवस.

अशोक चौक
सहाचा आकडा, उघडं दार, टीव्ही नाही, सगळं घालते. अर्धा दिवस नाही जमणार. विड्या अर्ध्या दिवसात होत नाहीत, गारमेंटची शिलाईही दुपारी सुटत नाही. त्यापेक्षा पहिले पंधरा दिवस आई किंवा आजी बाळासोबत तिथे बसेल, मग हळूहळू वेळ वाढवायचा, असं घालू का?

पूर्व भागातली
पंधरा दिवस आई बसली तर तेवढ्या विड्या कोण वळणार? तिची मजुरी बुडते, तिचंही लिहा. ते लिहिलंत तर मसुद्याचं तेलुगू मी करून देते.