पुरवठादाराला सर्व्हरपर्यंत थेट वाट द्यावी का?

प्रश्न
लेखा विभागाचे सॉफ्टवेअर ज्या पुरवठादाराचे आहे, त्याने दुरुस्तीसाठी रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक हाताळण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे एक प्रवेशद्वार, इंटरनेटवर खुले करून मागितले आहे. व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) वापरण्यास त्याचा नकार आहे, आणि महिनाअखेरीचे हिशेब अडतील म्हणून विभागप्रमुखही आमच्या मागे लागले आहेत. नकार द्यावा, तर आयटीवाले प्रत्येक कामात खोडा घालतात असे ऐकावे लागते. अशा वेळी जोखीम आणि कामाची निकड यांचा मेळ आपण कसा घालता?

प्रतिसाद १
पोर्ट उघडू नये, हे स्पष्टच सांगतो. खुले ३३८९ स्वयंचलित स्कॅनर लवकरच हुडकून काढतात आणि मग पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न रात्रंदिवस चालू राहतात. पोर्टचा क्रमांक बदलूनही फारसे साधत नाही. मात्र नुसता नकार कळवून थांबू नका, कारण लेखा विभागाला पोर्टशी देणेघेणे नाही, त्यांना सॉफ्टवेअर चालू हवे आहे. ब्राउझरमधून वापरता येणारे रिमोट गेटवे (सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा मधला सुरक्षित टप्पा), त्यावर ओटीपीची पडताळणी आणि एरवी बंद असलेले, विनंती आल्यावरच काही तासांपुरते सुरू होणारे खाते एवढी सोय केली, तर पुरवठादाराला स्वतःच्या संगणकावर काहीही बसवावे लागणार नाही.

प्रतिसाद २
उपाय योग्य आहे. पण सुरक्षा तेवढी सोवळी, असे मानणे मला पटत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, आणि ते तर सुरक्षेचेच साधन होते. याउलट मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता; ज्यांनी तो लावला नव्हता, त्यांच्यातल्या कित्येकांचे काम ठप्प झाले. घाई काय किंवा दिरंगाई काय, भुर्दंड अखेर कामकाजालाच बसतो. म्हणून सर्व्हर आठवडाभर बंद राहिल्यास किती नुकसान होईल आणि पुरवठादाराची मदत एक दिवस उशिरा मिळाल्यास किती, हे दोन्ही अंदाज लेखा विभागाकडूनच लेखी मागवा.

प्रतिसाद ३
एवढ्यावरही विभागप्रमुख पोर्टच मागत असतील, तर जोखीम पत्करत असल्याची सही त्यांनी करावी, आणि त्या कागदावर मुदत संपण्याची तारीख असावी. फायरवॉलमध्ये (नेटवर्कमधली ये-जा नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेत) ‘तात्पुरता’ अशी नोंद असलेले नियम वर्षानुवर्षे तसेच राहतात. (सहीचा विषय निघाला की निकड बऱ्याचदा ओसरते, हे वेगळे.)

प्रश्नकर्ता
गेटवेला पुरवठादार तयार आहे, मात्र त्याच्या सर्व अभियंत्यांसाठी त्याला एकच खाते हवे आहे.

प्रतिसाद १
ते मान्य करू नका. लॉगमध्ये (कोण कधी आत आले याच्या नोंदीत) केवळ खात्याचे नाव दिसेल, बदल कोणी केला ते कळणार नाही. शिवाय एखाद्याने नोकरी सोडली, तरी पासवर्ड त्याच्याकडे राहीलच.