टर्बो बदलण्याआधी पाइप बघा

खंबाटकीच्या चढाला गाडीचा दम जातो, काळा धूर येतो आणि गॅरेजवाला थेट टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. कृपया घाई करू नका.

डिझेल गाडीत काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. माझ्या गाडीचं कात्रजच्या चढाला हेच व्हायचं. अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून फुस्स आवाज. शेवटी इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज, म्हणजे पाइप, क्लॅम्पच्या खाली चिरलेला निघाला, हवा तिथूनच निसटत होती. वरून काहीच दिसत नव्हतं, फक्त तिथे तेलकट डाग होता. नाना पेठेतून होज आणला, तासाभरात गाडी पूर्वीसारखी. त्यामुळे आधी सगळे होज हाताने दाबून, वाकवून बघा. मग अॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची बारीक नळी आणि एअर फिल्टर.

धूर निळा असेल तर गोष्ट वेगळी, इंजिन ऑइल जळतंय. इंजिन थंड असताना टर्बोचा शाफ्ट (पंखा ज्यावर फिरतो तो दांडा) हलवून बघायला सांगा. आडवा किंचित हलला तर चालतं, पण पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पंख घासलेले दिसले तर टर्बो उतरवावाच लागेल.

तसं झालं तर टर्बोला ऑइल पोचवणारी फीड पाइप नवीन टाकायचा आग्रह धरा, ऑइल आणि फिल्टरही बदला. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. जुनी पाइप काजळीने तुंबलेली राहिली तर नवीन टर्बोही थोड्याच दिवसांत जाईल.