चर्चा : जागतिक व्यापाराने माहिती प्रणालींवर किती विसंबून राहावे?

धागाकर्ता (निर्यात वाहतूक, उरण)

न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर रॉटरडॅमला पोहोचतो तो जहाजाने, हे खरे; परंतु तो कोणत्या जहाजावर चढवायचा, कोणत्या थरात ठेवायचा आणि त्याच्या शिपिंग बिलाला, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्राला, सीमाशुल्क खात्याची मंजुरी मिळाली आहे का, हे सारे संगणकावर ठरते. फॉर्म १३, म्हणजे कंटेनर बंदरात आत नेण्याचा परवाना, निघाला नसेल तर भरलेला ट्रेलर बंदराच्या फाटकातच थांबतो. माहिती प्रणाली ही आता व्यापाराची सोय राहिलेली नाही, ती त्याचा पाया झाली आहे, आणि लहान निर्यातदारानेही तिच्यावर खर्च करताना हात आखडता घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (संगणक सुरक्षा, पुणे)

पाया म्हणता, तर तो खचल्यावर काय होते तेही पाहावे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक संगणक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील जाळे काही तासांत बंद पाडले, आणि त्याची झळ आपल्या न्हावा शेवातील तिच्या टर्मिनललाही बसली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले; नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे झाले. जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर सगळीकडे पुसले गेले होते. शाबूत राहिला तो घानातील एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचा डोलारा वाचावा तो वीज गेल्यामुळे, याला मी तरी पाया म्हणणार नाही.

धागाकर्ता

आपण दिलेले दाखले खरे आहेत, पण निष्कर्ष मान्य नाही. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले की त्या काळात मालाची उलाढाल केवळ २० टक्क्यांनी घटली. धोका होता तो निष्काळजीपणे जोडलेल्या जाळ्याचा. त्यावर उपाय म्हणजे अधिक चांगली प्रणाली.

प्रतिसाद १

उरलेले ८० टक्के काम कोणी केले, हेही स्नाबे यांनी त्याच वेळी सांगितले होते. ते माणसांनी हाताने केले. कागदावर काम कसे चालते हे ज्यांना ठाऊक होते, ती पिढी निवृत्त झाल्यावर हा आकडा काय राहील, याचा विचार आपण करावा.

प्रतिसाद २ (द्राक्ष बागायतदार, निफाड)

मी दोघांशीही थोडा असहमत आहे. अपेडा या शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही निर्यात द्राक्षांची संगणक प्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी, फवारलेल्या रसायनांच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळेतील अहवाल, प्रतवारी आणि प्रमाणपत्र असा सगळा माग त्यात लागतो, म्हणून तर युरोपातील खरेदीदार आमच्या पेटीवर विश्वास ठेवतो. ही प्रणाली नको, असे मी कधीच म्हणणार नाही.

पण २०१० चा हंगाम आठवा. ग्रेपनेट व्यवस्थित चालू होते, अहवाल निर्दोष होते, आणि तरीही युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने आपला माल अडकला, कारण आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हते. प्रणालीला जे विचारले नाही, ते ती सांगत नाही. ते बागेत वापरले जात होते, हे मात्र बागेत वावरणाऱ्या कोणालाही सांगता आले असते.

धागाकर्ता

ही चूक यादीची होती, प्रणालीची नव्हती, आणि पुढे ती यादी सुधारली गेली.

प्रतिसाद २

सुधारली, हे मान्य. पण मधल्या हंगामाचे कर्ज बागायतदाराच्या डोक्यावरच राहिले. शिवाय यादी करणारे आणि प्रणाली चालवणारे वेगळे, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पडद्यावर ‘योग्य’ दिसले की माल योग्य, एवढेच आम्ही धरून चालत होतो.

माझाच एक अनुभव सांगतो. एका वर्षी माझ्या बागेच्या क्रमांकातील एक अंक कोठेतरी चुकीचा भरला गेला आणि नमुन्याचा अहवाल भलत्याच बागेला जोडला गेला. दुरुस्तीला चार दिवस लागले, आणि तोवर तोडणीला आलेले घड वेलीवरच होते. त्यावेळी माझी बाजू मांडता आली ती फवारणीच्या वहीमुळे : तारीख, औषध, मात्रा, आणि नमुना नेणाऱ्याची सही. ती वही मी आजही हाताने लिहितो, आणि संगणकातील नोंद तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय तोडणीची तारीख देत नाही.