लिंबावरच्या अळ्या ठेवाव्यात की फवारणी करावी? बंगल्यामागची बाग पक्षी-फुलपाखरांसाठी मोकळी करताना

प्रश्न : सहकारनगरची रहिवासी

पुण्यात सहकारनगरमधील आमच्या जुन्या बंगल्यामागे साधारण 20 बाय 30 फुटांची मोकळी जागा आहे. सासूबाईंनी तेथे लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, प्राजक्त आणि कुंती लावली होती, आणि जास्वंदाची पाने शिवून शिंपी पक्षी तेथे दरवर्षी घरटे करीत असे. पाच वर्षांपूर्वी घराची डागडुजी करताना आम्ही बागही नीटनेटकी करून घेतली. हिरवळ अंथरली, कडेने क्रोटन आणि शोभेचे पाम लावले आणि दर महिन्याला कीटकनाशकाची फवारणी सुरू केली. जुन्यांपैकी लिंबू आणि जास्वंद एवढेच राहिले. तेव्हापासून शिंपी दिसलेला नाही. फुलपाखरू आलेच तर क्षणभर घुटमळून तळजाईच्या टेकडीकडे निघून जाते. सासूबाई आता 82 वर्षांच्या आहेत आणि खिडकीत बसून त्या रोज त्याच जागेकडे पाहतात, म्हणून ही चूक या पावसाळ्यातच सुधारावी असे मला मनापासून वाटते.

सध्याची अडचण अशी की लिंबाच्या नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या अळ्या आल्या आहेत आणि माळीकाका फवारणीसाठी अडून बसले आहेत. शिवाय पाण्याचे भांडे ठेवले तर डेंग्यूचे डास होतील आणि पाचोळा राहू दिला तर साप येतील, अशी घरातल्यांना धास्ती आहे. घरात दोन लहान मुले आहेत, त्यामुळे ही धास्ती मला उडवून लावता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, कोथरूड

ताई, प्रथम माळीकाकांना थांबवा. तुम्ही वर्णन केलेल्या अळ्या बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या आहेत. लहानपणी त्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे पक्ष्यांची नजर त्यांच्यावरून सरकून जाते, आणि शेवटची कात टाकल्यावर त्या पानासारख्या हिरव्यागार होतात. अळीला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दुभंगलेले मांसल शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा अवश्य दाखवा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा प्रवास साधारण महिनाभरात संपतो, आणि वाढलेले लिंबाचे झाड तेवढी पाने सहज भरून काढते. कुंडीतले हातभर रोप असेल तर मात्र ते पार ओकेबोके होऊ शकते. अशा वेळी अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्यादेखील लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढतात.

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हणजे भरपूर फुले लावायची, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. फुलातला मध पूर्ण वाढ झालेल्या फुलपाखराला पुरतो, परंतु मादी अंडी घालते ती अळीला खाता येईल अशाच वनस्पतीवर, आणि ती वनस्पती नसेल तर तुमची बाग तिच्यासाठी वाटेवरचे उपाहारगृह ठरते, घर ठरत नाही. म्हणून लिंबाच्या जोडीला कढीपत्ता पुन्हा लावा आणि जागा असल्यास बेल लावा. कुंडीत पानफुटी ठेवा, कारण रेड पिएरो या चिमुकल्या फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत पोखरत राहते. चित्रकावर झेब्रा ब्लू वाढते. सापसंदाचा वेल मिळाला तर क्रिमझन रोज हे फुलपाखरू येण्याची शक्यता निर्माण होते. घोळ आपोआप उगवली तर उपटू नका, डॅनेड एगफ्लायची मादी तिच्यावर अंडी घालते. रुईवर प्लेन टायगर हमखास येते, परंतु रुईचा चीक डोळ्यांना घातक असल्याने तुमच्याकडे मुले मोठी होईपर्यंत ती लावू नये असे माझे मत आहे.

पूर्ण वाढ झालेल्या फुलपाखरांसाठी आणि शिंजिरांसाठी (फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी) एक्झोरा आणि साधे एकेरी जास्वंद उत्तम. घाणेरीवर फुलपाखरे तुटून पडतात हे खरे असले तरी ती लावू नका, कारण तिची फळे पक्षी खातात आणि बिया तळजाईच्या टेकडीवर नेऊन टाकतात. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प या बाहेरून आलेल्या झाडाने आधीच भरपूर जागा व्यापली आहे, त्यात आपल्या अंगणातून आणखी भर नको.

शिंपी पक्ष्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे असे मला वाटते. त्याला शिवण्यासाठी रुंद, मऊ पाने लागतात आणि ती तुमच्या जास्वंदावर आजही आहेत. परंतु पिलांना भरवायला त्याला अळ्या, कोळी आणि किडे लागतात, आणि दर महिन्याच्या फवारणीने नेमके तेच नाहीसे झाले. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना किडेच भरवते. त्यामुळे नवे एकही रोप न लावता तुम्ही केवळ फवारणी थांबवलीत, तरी पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत फरक दिसू लागेल अशी मला आशा आहे.

उत्तर : गच्चीवर बाग करणारा, वारजे

पाण्याच्या भांड्याबाबत माझा अनुभव सांगतो. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत सुमारे आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर दोन दिवसांनी पाणी बदलणे पुरेसे आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु मादी अंडी चिकटवते ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेपाशी, आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. केवळ पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. म्हणून मी मातीची उथळ थाळी वापरतो, तिच्यात दोन इंचांपेक्षा अधिक पाणी ठेवत नाही, मधोमध एक खडबडीत दगड ठेवतो आणि रोज सकाळी नारळाच्या काथ्याने कडा घासून पाणी बदलतो. जे घर हे रोज करू शकत नाही त्याने पाणी ठेवूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. थाळी झुडपांपासून चार-पाच फूट मोकळ्यावर ठेवावी, नाहीतर मांजर दबा धरून बसते.

दाणे टाकण्याच्या फंदात कृपया पडू नका. दाण्यांवर कबुतरांची गर्दी होते, इतर लहान पक्षी मागे हटतात आणि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ वृद्धांच्या फुप्फुसांना अपायकारक असते. तुमच्याकडे 82 वर्षांच्या आजी आहेत. त्यापेक्षा कुंपणाला करवंद आणि कुंती लावा, त्यांची फळे बुलबुल आवडीने खातात. उंबरावर पक्ष्यांची जत्रा भरते, पण भिंतीलगत उंबर लावल्यास मुळे पायाला धोका पोचवतात. एवढ्या जागेत तो मोह टाळलेला बरा.

उत्तर : सर्पमित्र, धायरी

ताई, तुमची धास्ती रास्त आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. पाचोळ्यात साप लपू शकतो. पुण्याच्या टेकड्यांच्या आसपास घोणस आढळते आणि वाळक्या पानांत ती सहज दिसत नाही. परंतु साप अंगणात येतो तो प्रामुख्याने उंदीर आणि बेडकांच्या मागे. उघडे खरकटे, अडगळ आणि भिंतीला लावून रचलेल्या जुन्या कौलांचा किंवा विटांचा ढीग हीच उंदरांची आणि सापांची खरी आश्रयस्थाने असतात, आणि माझा अनुभव असा की सापासाठी बोलावणे येते त्या बहुतेक घरी पाचोळ्यापेक्षा अडगळच अधिक असते. तेव्हा प्रथम ती हलवा.

पाचोळा घराच्या दारापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, विटांच्या चौकटीत पातळ थराने ठेवा आणि मुलांना तेथे खेळू देऊ नका. दाराखालची फट बुजवा आणि अंधार पडल्यावर बॅटरी घेऊनच बागेत जा. आपल्याकडील बहुसंख्य साप, उदाहरणार्थ धामण, दिवड आणि कवड्या, बिनविषारी आहेत. तरीही ओळख पटवण्याच्या नादात जवळ जाऊ नये. साप दिसल्यास दुरून लक्ष ठेवावे आणि सर्पमित्राला किंवा 101 क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार सापाला मारणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे असे काहीही न करता, तो अवयव न हलवता थेट ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्तीचे पुढील निवेदन

सर्वांची अत्यंत आभारी आहे. फवारणी बंद केली आहे आणि भिंतीलगतची कौले काल हलवली. बाई, आता एकच शंका उरली आहे. जास्वंदावर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण पडला आहे, त्याचे काय करावे? निंबोळी तेल चालेल का?

उत्तर : वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, कोथरूड

पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुऊन काढा आणि फार दाटलेल्या फांद्या छाटा, मात्र छाटण्यापूर्वी आत घरटे नाही ना, हे पाने उलटून पाहा. बुंध्यावरून मुंग्यांची रांग जात असेल तर ती तोडा, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) जवळ येऊ देत नाहीत. निंबोळी तेल अगदीच आवश्यक वाटले तर फक्त जास्वंदावर, वारा नसताना, संध्याकाळी वापरा. ते फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते, म्हणून त्याचा एकही थेंब लिंबावर जाणार नाही असे पाहा.

हिरवळ एकदम उखडू नका. यंदा अर्धी काढा आणि तीत उन्हाचा दोन बाय दोन फुटांचा एक तुकडा उघड्या मातीचा ठेवा, त्यावर पाचोळाही नको. पोळे न करता जमिनीत एकट्याने बीळ करणाऱ्या मधमाश्यांना तसाच तुकडा लागतो. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांना कधी कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर औषध शोधू नका. पाने कापणारी मधमाशी तेवढे तुकडे घरट्यासाठी नेते आणि झाडाचे त्यात काही बिघडत नाही.

प्रश्नकर्ती

माळीकाकांना हे सारे वाचून दाखवले. आज सकाळी आम्ही दोघांनी लिंबावरच्या अळ्या मोजल्या. अकरा आहेत, त्यांतील दोन हिरव्या झाल्या आहेत. सासूबाईंची खुर्ची आता लिंबाकडच्या खिडकीशी हलवली आहे.